शकुंतला पाटलांचा रिपोर्ट

तपासणीच्या फॉर्मवर नाव लिहिलं की ते एकदा मोठ्याने वाचा. बरोबर आलेल्या माणसालाही वाचायला लावा. हा सल्ला कुठलाच डॉक्टर देत नाही, म्हणून मी देते आहे. मी आयुष्यभर शाळेत मास्तरीण होते, रोज सकाळी पन्नास नावं पुकारायची. नावात चूक झाली की काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरीही जे व्हायचं ते झालंच.

हा आजार ज्यांना नुकताच कळला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धीर द्यायला बाकीचे पुष्कळ असतात. मला जे जसं वाटलं ते मी सांगते.

गल्लीचं निदान

माझ्या आजाराची खबर गल्लीतल्या बायकांना माझ्याआधी लागली, फक्त निदान चुकलं. माझं तोंड सुकत चाललं होतं, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या आणि पोट मात्र पुढे येत होतं. परकराची नाडी दर आठवड्याला थोडी सैल बांधावी लागे. माझी मुलगी नेहा तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. समोरच्या काकूंनी तिच्यादेखत मला विचारलं, की पेढे कधी देतेस. मी त्यांना म्हटलं, तुमच्या सुनेचं आधी बघा, माझं मी बघते. सगळ्या हसल्या, मीही हसले.

डाव्या बरगडीखाली हात ठेवला की काहीतरी टणक लागायचं. रोज लागायचं आणि रोज जरासं खाली सरकलेलं असायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असा माझा त्या वेळचा हिशेब होता.

आमचं बुऱ्हाणपूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, बाजारात मोबाईलची दुकानं आली होती आणि जग जवळ आलं असं जो तो म्हणत होता. आमच्याकडे मात्र रक्त तपासायची ती जुनीच खोली होती. तिथे सकाळी रक्त दिलं आणि दुपारी तो लॅबवाला स्वतः आमच्या दारात आला. लॅबवाला कधी घरी येतो का? त्याने पुन्हा रक्त घेतलं आणि म्हणाला, मशीन बरोबर नसेल कदाचित. मशीन बरोबर होतं. जिथे दहा हजार पांढऱ्या पेशी असायला हव्यात तिथे दोन लाखांच्या वर होत्या. हे त्याने माझ्या नवऱ्याला ओट्यावर नेऊन सांगितलं आणि मी आतून खिडकीच्या जाळीतून ऐकलं. माझा नवरा वीज कचेरीत होता. घरात दिवा गेला तरी गडबडून न जाणारा माणूस. तो ओट्यावर उभा होता तिथेच खाली बसला.

लाल पेन

जळगावच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कागद पाहिले आणि रक्ताचा कॅन्सर असं सरळ सांगून टाकलं. त्यांचं मला बरं वाटलं. आढेवेढे घेणारे मला आवडत नाहीत. पण मी पदराचं टोक गुडघ्यावर गच्च धरून बसले होते.

मग त्यांनी माझ्या पर्समधलं वह्या तपासायचं लाल पेन मागितलं. स्वतःच्या खिशातलं हिरवं काढलं. कागदावर एक मोठा गोल काढला, ती म्हणजे एक पेशी. तिच्यात एका टोकाला लाल ठिपका काढला, दुसऱ्या टोकाला हिरवा. ते म्हणाले की आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक लिखाण असतं. या आजारात दोन वेगळ्या पानांवरचे दोन तुकडे तुटतात आणि एकमेकांना चिकटतात. त्या जोडातून पेशीला चुकीचा हुकूम मिळतो, की वाढत राहा, थांबू नको. हा जोड डोळ्याला दिसत नाही. म्हणून मुंबईच्या लॅबमध्ये पेशींवर चमकणारे रंग सोडतात. लाल रंग फक्त एका तुकड्याला ओळखतो, हिरवा फक्त दुसऱ्याला. बाकी लाखो ओळी सोडून तो रंग नेमका आपल्या ओळीला जाऊन बसतो. निरोगी पेशीत लाल आणि हिरवं लांब लांब दिसतं. आजार असेल तर दोन्ही एकावर एक येतात आणि पिवळा ठिपका दिसतो.

मला ते लगेच कळलं. मी रोज तेच करत होते. वर्गात एक नाव पुकारायचं आणि ज्याचं आहे तोच उठतो.

डॉक्टर पुढे जे म्हणाले ते मी विसरलेले नाही. "पिवळा दिसला तर माझ्याकडे गोळी आहे. ती गोळी त्या जोडावरच काम करते, बाकी कशावर नाही. म्हणून रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी ती सुरू करणार नाही. पण उशीरही करायचा नाही. हा आजार शांत आहे तोवर शांत असतो. एकदा उलटला, की गोळीचं ऐकत नाही."

उलटला म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

या तपासणीला ते फिश म्हणाले. आमच्या शाकाहारी घरात त्यावरून आठवडाभर गोंधळ झाला. मला मासे खायला सांगितले आहेत असं समजून सासूबाईंनी वेगळी भांडी काढून ठेवली होती.

दादा

कंबरेच्या हाडातून नमुना घ्यायचा दिवस ठरला आणि नेमकी त्या दिवशी कचेरीने यांना रजा दिली नाही. मग दापोऱ्याहून माझा मोठा भाऊ आला. दादा केळी लावायचा. चार शब्द बोलायचे असतील तर दोन बोलायचा. गाडीत त्याने मला खिडकीशी बसवलं आणि जळगाव येईपर्यंत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला, जणू मी शाळेच्या सहलीला निघाले आहे.

सुई हाडात शिरते तेव्हा दुखतं त्याहून जास्त भीती वाटते. कुणीतरी आतून ओढून काढतं आहे असं वाटतं. मी पाढे म्हटले, एकोणतीसचा पाढा अडला तिथे झालं. नमुन्याच्या बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी दादाच्या हातात दिली आणि त्याला समोरच्या नमुने गोळा करायच्या केंद्रावर पाठवलं. तिथून त्या मुंबईला जायच्या होत्या. मी आडवी पडून होते. दादा परत आला आणि म्हणाला, झालं काम, दहा दिवसांत रिपोर्ट येईल. पावती त्याच्या सदऱ्याच्या खिशात राहिली आणि सदऱ्याबरोबर धुतली गेली. आम्हाला कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. नाव सांगितलं की रिपोर्ट मिळेल, त्यात काय एवढं.

वाट पाहण्याचे आठवडे

दहा दिवस झाले. यांनी केंद्रावर फोन केला, अजून आला नाही म्हणाले. मग दिवाळी आली, आठवडा सुट्टीत गेला. मी फराळ केला. लोक विचारतील म्हणून केला. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. चौथ्या आठवड्यात हे स्वतः जळगावला गेले. महाजन, वैशाली महाजन, असं दोनदा सांगितलं. वही पाहून त्या माणसाने सांगितलं की या नावाचा नमुना मुंबईला गेलाच नाही.

नेहा सायबर कॅफेत जाऊन मुंबईच्या लॅबला ईमेल करून आली. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला कळलं. "मम्मी, ते लोकं बोलतात, इस नाम से कुछ है ही नहीं. मी दोन बार चेक करायला लावलं."

डॉक्टरांनी पेशी दाबून ठेवायच्या कॅप्सूल दिल्या होत्या. पहिले तीन आठवडे आकडा उतरला. मग थांबला. मग कॅप्सूल चालू असूनही चढायला लागला. बरगडीखालचं ते टणक बेंबीच्या रेषेपर्यंत आलं. जेवायला बसले की चार घासांत पोट भरायचं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ते मी नळ मोठा सोडून धुऊन टाकायचे आणि आरशाकडे न बघता बाहेर यायचे. शाळेत जात होते. मुलं नेहमीपेक्षा शांत बसायची, त्यामुळे मला जास्तच भीती वाटायची.

दादाने दिवाळीला हिरव्या केळ्यांचा घड पाठवला होता. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टांगलेला होता. रोज सकाळी दोन-चार केळी पिवळी झालेली दिसायची. मी केळीच्या मळ्यात वाढलेली बाई, आणि त्या महिन्यात मला त्या कोपऱ्याकडे बघवत नव्हतं. शेवटी मी तो घड उतरवून काकूंना देऊन टाकला.

डॉक्टरांनी बोलावून घेऊन सांगितलं की आता थांबता येणार नाही. पुन्हा हाडातून नमुना घ्यावा लागेल, पुन्हा दहा दिवस. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. सरळ बोलणारा माणूस डोळे चुकवतो तेव्हा काय समजायचं ते मी समजले. त्या दिवशी घरी आल्यावर मी नेहाला माझ्या साड्या कपाटात कुठे, कोणती कुणाला द्यायची, ते सांगायला घेतलं. ती उठून निघून गेली. मला तिचा राग आला नाही, फक्त साड्यांचं सांगायचं राहिलं.

हाक

दुसऱ्या नमुन्याच्या दोन दिवस आधी दादा आला. सकाळची वेळ, मी ओसरीत पडले होते. त्याने नेहमीसारखी दारातूनच हाक मारली.

"शकू."

मी ओ दिली आणि तशीच उठून बसले.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांना सांगते. आमच्यात लग्नात नवऱ्या मुलीचं नावच बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितात, पेढे वाटतात, आणि त्या दिवसापासून सासरी ती बाई दुसरीच. मी माहेरची शकुंतला पाटील, सासरची वैशाली महाजन. त्याच वर्षी नोकरी लागली तेव्हा प्रमाणपत्रांवरचं नाव एक आणि माझं नाव एक, म्हणून कोर्टात जाऊन शपथपत्र करावं लागलं होतं. त्यानंतर तेवीस वर्षांत शकुंतला हे नाव कागदावर कुठे आलं नव्हतं.

मी विचारलं, "दादा, केंद्रावर तू नाव काय सांगितलंस?"

तो चपला काढत होता, तसाच थांबला. "त्यानं इचारलं पेशंटचं नाव काय. मी तुहं नाव सांगलं."

"कोणतं?"

"तुहं. शकुंतला." मग त्याच्याही ध्यानात आलं. चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं अक्षर त्या केंद्रावरच्या माणसाला लागलं नव्हतं, म्हणून त्याने दादाला तोंडी विचारून लिहून घेतलं होतं.

यांनी फोन लावला. शकुंतला पाटील. दोन मिनिटंही लागली नाहीत. रिपोर्ट येऊन महिना होत आला होता. त्यांनी फॉर्मवरच्या दापोऱ्याच्या नंबरावर कळवायचा प्रयत्न केला होता, तो फोन पावसाळ्यापासून बंद होता. मी रोज मरणाच्या गोष्टी करत होते आणि माझं उत्तर जळगावच्या एका खणात पडून होतं.

यांनी फोन ठेवला आणि दादाकडे वळून म्हणाले, "तुमच्यासाठी ती अजून दापोऱ्याचीच आहे ना? तेवीस वर्षांत तुम्हाला तिचं नाव नाही कळलं?"

दादा चपला पुन्हा पायात घालून निघून गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

ओळख पटवणे

एवढ्यावर भागलं नाही. केंद्रावर म्हणाले, पेशंट वैशाली आणि रिपोर्ट शकुंतलाचा, आम्ही कसा द्यायचा? त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्याच्या रिपोर्टवर कुणी गोळी खाल्ली तर? मग ते जुनं शपथपत्र शोधलं. ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत ते मिळालं. पिवळं पडलं होतं, पण शिक्का वाचता येत होता. ते स्टेशनजवळच्या दुकानातून फॅक्स केलं आणि तासाभराने त्याच मशीनमधून माझा रिपोर्ट सरकत बाहेर आला.

त्यात फोटो होता. फॅक्समध्ये रंग नसतात. काळ्या चौकटीत करडे ठिपके, एवढंच दिसत होतं. माझं मरण किंवा जगणं त्यात होतं आणि मला लाल कोणता, हिरवा कोणता, पिवळा कोणता काही ओळखू येईना. खाली इंग्रजीत लिहिलं होतं ते नेहाने वाचलं. जोड सापडला होता. मोजलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत होता.

कॅन्सर नक्की झाला म्हणून दुकानात उभ्याउभ्या रडणारी आणि सुटले म्हणणारी बाई त्या फॅक्सवाल्याने पहिल्यांदाच पाहिली असेल.

गोळी दोन दिवसांत सुरू झाली. पण सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्त पुन्हा पाहिलं. काही पेशी पुढच्या पायरीवर गेल्या होत्या. उलटायला निघाला आहे, पूर्ण उलटलेला नाही, असं ते म्हणाले. गोळीचं प्रमाण जास्त द्यावं लागेल, ऐकेल की नाही ते तीन महिन्यांनी कळेल. मी त्यांना एकट्यांना गाठून विचारलं, की महिनाभर आधी गोळी मिळाली असती तर? ते म्हणाले, "ते सांगता येत नाही." मग माझं लाल पेन त्यांनी मला परत दिलं. इतके दिवस त्यांच्याच खिशात होतं.

राजघाट

दादा आमच्या घरी येईना. बाजाराला आला की राजघाटावर तापीच्या पायऱ्यांवर बसायचा आणि तिथून परत जायचा. हे मला काकूंनी सांगितलं, त्यांना सगळ्या जगाची खबर. गोळीने पाय सुजले होते, डोळ्यांखाली पाणी साठलं होतं, तरी मी रिक्षा करून गेले. ऊन डोक्यावर होतं. नदी खाली गेली होती, दगड उघडे पडले होते.

मी त्याच्या शेजारी बसले.

"तांदयात तुहं नाव लिहिलं तवा मी मांडवातच व्हतो," तो म्हणाला. "पन माह्या तोंडात ते कधी बसलंच नाही, शकू." मग थांबून त्याने विचारलं, "माह्यामुये काही बिघडलं का?"

मी वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला डोळ्यांवरून ओळखते. म्हणून मी नदीकडे बघत उत्तर दिलं.

"काही नाही बिघडलं. डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नाही."

त्याने मान हलवली. त्याला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. पुढच्या रविवारी यांनीच त्याला जेवायला बोलावलं. दोघं क्रिकेटवर बोलले, दुसऱ्या कशावर नाही. तेवढं पुरे होतं.

हजेरी

गोळीने ऐकलं. तीन महिन्यांनी पिवळे ठिपके निम्म्यावर आले, वर्षाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. पुढे एक दिवस रिपोर्टमध्ये आलं, सापडले नाहीत. घरात शिरा झाला. मी मात्र ते शब्द परत परत वाचले. सापडले नाहीत असं लिहिलं होतं. नाहीत असं लिहिलं नव्हतं. ते काही शे पेशी मोजतात, माझ्या अंगात किती आहेत कुणास ठाऊक. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, म्हणजे पोरगं वर्गात नाही असं मास्तरणीने कधी धरायचं नसतं. मागच्या बाकाखाली दडून बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या महिन्याभरात माझ्या आत काय कुठे दडलं, हे मला कुणी सांगू शकत नाही. गोळी रोज घेते. बरगडीखाली हात रोज लावते.

लॅबमधली फाईल आजही शकुंतला पाटील या नावानेच आहे. बदलायला गेलो होतो, पण नाव बदललं तर जुने रिपोर्ट जुळणार नाहीत म्हणाले. राहू दे म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. मळ्यातच गेला, छातीत कळ आली आणि बसला तो उठला नाही. आता मला शकू म्हणणारं कुणी उरलं नाही. घरी मी वैशाली, शाळेतल्या जुन्या मुलांसाठी महाजन बाई, नातवासाठी आजी.

दर सहा महिन्यांनी मी जळगावच्या त्या केंद्रावर बाकावर बसते. खिडकीतली मुलगी पाकीट हातात घेते, त्यात काय आहे ते तिला माहीत नसतं. ती नाव पुकारते, "शकुंतला पाटील." जगात एवढ्या एकाच जागी आता मला त्या नावाने हाक येते, आणि ती हाक कशासाठी आहे हे ठाऊक असूनही मी लगेच उठते.

"हजर," मी म्हणते, आणि पाकीट घ्यायला पुढे जाते.